तिसऱ्या रांगेचा हिशेब

२५ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईत टोयोटाने नवी इनोव्हा लोकांपुढे आणली, तेव्हा तिच्या बॉनेटखाली डिझेल इंजिन नव्हतं. २००० सालची क्वालिस, २००५ची इनोव्हा आणि २०१६ची क्रिस्टा या तिन्ही गाड्या लोकांना माहीत होत्या त्या प्रामुख्याने डिझेलवरच्या म्हणून. लग्नाचं वऱ्हाड असो, अक्कलकोट-गाणगापूरचा फेरा असो, परदेशी निघालेल्या मुलाला विमानतळावर सोडायला निघालेलं अख्खं घर असो, गाडी ठरलेली आणि तिचं इंधनही ठरलेलं. नव्या गाडीचं नाव होतं हायक्रॉस. तिच्यात दोन लिटरचं पेट्रोल इंजिन होतं आणि वरच्या प्रकारांमध्ये त्याच्या जोडीला विजेची मोटर. त्या कार्यक्रमाला टोयोटा किर्लोस्करचे उपाध्यक्ष विक्रम किर्लोस्कर हजर होते. लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्यातली ही चौथी पिढी. अवघ्या चार दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, बंगळुरूमध्ये त्यांचं हृदयविकाराने निधन झालं.

गाडी मात्र चालली, आणि अशी चालली की २०२३च्या एप्रिलमध्ये झेडएक्स आणि झेडएक्स-ओ या सर्वांत महागड्या प्रकारांची नोंदणीच कंपनीला काही काळ थांबवावी लागली. आज पुण्या-मुंबईतच नव्हे, तर सांगली, लातूर, जळगाव इथल्या घरांतही एक प्रश्न हमखास निघतो. आई-वडील, दोघं नवरा-बायको, दोन मुलं आणि अधूनमधून येणारी आत्या किंवा मावशी, इतक्यांसाठी तीन रांगांची गाडी तर हवीच. मग ती हायब्रिड घ्यावी का? पाच-सहा लाख जास्त मोजून नेमकं मिळतं काय?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना बहुतेक लोक ॲव्हरेजच्या आकड्यापासून सुरुवात करतात. खरं तर सुरुवात दोन वेगळ्या ठिकाणांहून व्हायला हवी: आपली गाडी वर्षाला किती आणि कुठे फिरते, आणि तिच्या तिसऱ्या रांगेत रोज कोण बसणार आहे.

आधी ‘हायब्रिड’ या शब्दाखाली काय काय विकलं जातं, ते पाहू. मारुतीच्या एर्टिगा आणि एक्सएल६ या तीन रांगांच्या गाड्यांवर ‘स्मार्ट हायब्रिड’ हे शब्द वापरले गेले. तो माइल्ड हायब्रिडचा प्रकार आहे. त्यात एक छोटी मोटर इंजिन सुरू करते, गाडी पुढे जाताना थोडा हातभार लावते आणि ब्रेक मारताना थोडी वीज साठवते. पण नुसत्या विजेवर ही गाडी फूटभरही सरकत नाही. या गाड्या चांगल्या आहेत, किफायतशीर आहेत. मात्र हायब्रिड म्हणून जे फायदे सांगितले जातात, त्यांची अपेक्षा या गाड्यांकडून ठेवू नये. दुसरा प्रकार स्ट्राँग हायब्रिडचा. त्यात मोटर एवढी मोठी असते की गाडी थोडं अंतर इंजिन बंद ठेवून चालू शकते. तिसरा प्रकार प्लग-इन हायब्रिडचा. त्यातली बॅटरी मोठी असते आणि ती घरी चार्ज करता येते. आपल्याकडे कुटुंबाच्या आवाक्यातल्या गाड्यांमध्ये तो जवळजवळ नाहीच.

म्हणजे तीन रांगा आणि स्ट्राँग हायब्रिड अशी जोडी हवी असेल, तर भारतात निवड फार अरुंद होते. एक हायक्रॉस. दुसरी मारुतीची इन्व्हिक्टो, जी जुलै २०२३मध्ये आली आणि हायक्रॉसचीच जुळी बहीण आहे. टोयोटाच बंगळुरूजवळच्या बिडदीत ती बनवते आणि मारुती ती नेक्साच्या शोरूममधून फक्त हायब्रिड रूपात विकते. त्यावरची टोयोटा वेलफायर कोटीच्या पुढे जाते, तेव्हा ती सामान्य घरांच्या यादीत येत नाही. या गाड्यांना एसयूव्ही म्हणावं की एमपीव्ही, यावर शोरूममध्ये बरीच चर्चा होते. हायक्रॉसला एसयूव्हीसारखं उंच नाक आणि रुंद चाककमानी दिल्या आहेत, पण आतली बैठक प्रवासी गाडीचीच आहे. कुटुंबासाठी हे उलट बरंच. खऱ्या, उंच एसयूव्हीत चढताना आजींच्या गुडघ्यांना जो त्रास होतो, तो इथे कमी होतो.

आता ही यंत्रणा चालते कशी? हायक्रॉसचं इंजिन १५२ पीएस ताकद देतं, मोटर ११३ पीएस, आणि दोन्ही मिळून कंपनी १८६ पीएस सांगते. दोन्हींची बेरीज थेट होत नाही, कारण दोघांची सर्वाधिक ताकद एकाच वेळी उपलब्ध नसते. इंजिन ॲटकिन्सन चक्रावर चालतं. जेम्स ॲटकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याने १८८०च्या दशकात मांडलेल्या कल्पनेचं हे आधुनिक रूप. यात सेवन झडप उशिरा बंद होते, त्यामुळे वायू दाबला जातो त्यापेक्षा जास्त पसरतो आणि इंधनाच्या प्रत्येक थेंबातून जास्त काम निघतं. या पद्धतीत सुरुवातीचा जोर मात्र कमी पडतो. नेमकी तीच उणीव विजेची मोटर भरून काढते, कारण मोटरचा पूर्ण जोर गाडी जागेवरून हलतानाच मिळतो.

दोघांना जोडणारी ग्रहमालेसारखी दातेरी चक्रांची रचना टोयोटाने १९९७च्या प्रियसपासून वापरली आहे. तिला ई-सीव्हीटी म्हणतात. नावात सीव्हीटी असलं तरी साध्या सीव्हीटीसारखा पट्टा यात नसतो, क्लच नसतो, वेगळा स्टार्टर नसतो, अल्टरनेटरही नसतो. घासून झिजणारे भाग कमी, हे या रचनेचं सर्वांत मोठं बळ आहे. परदेशात या तंत्राच्या टॅक्सी लाखो किलोमीटर धावल्या, त्यामागे हेच कारण आहे.

बॅटरीकडून मात्र लोक भलत्या अपेक्षा ठेवतात. हायक्रॉसची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी दीड युनिटच्या आसपास वीज धरते. घरातला फ्रिज एका दिवसात साधारण तेवढीच वीज खातो. इलेक्ट्रिक गाडीत याच्या तीस-चाळीस पट मोठी बॅटरी असते. हायब्रिडची बॅटरी म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, स्वयंपाकघरातला सुट्या पैशांचा डबा आहे: दिवसभर त्यात थोडं पडतं, थोडं निघतं, आणि तो कधी पूर्ण रिकामा होऊ दिला जात नाही. सिग्नलला थांबताना जे पडतं तेच सिग्नल सुटल्यावर निघतं. म्हणूनच तिला प्लगची गरज नाही, आणि म्हणूनच तिचं आयुष्यही लांबतं.

यातूनच ॲव्हरेजचं खरं गणित उलगडतं. प्रमाणित चाचणीत हायब्रिड हायक्रॉसचा आकडा आहे लिटरला २३.२४ किलोमीटर, तर साध्या पेट्रोल हायक्रॉसचा १६.१३. ही चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरावीक वेगमर्यादेत होते. एप्रिल-मे महिन्यात नागपुरात सात माणसं घेऊन, दोन्ही ब्लोअर पूर्ण सोडून चालणाऱ्या गाडीला तो आकडा मिळणार नाही, आणि न मिळाल्यास तो कुणी फसवल्याचा पुरावाही नाही.

हायब्रिडचा फायदा सगळ्यात जास्त दिसतो तो थांबत-चालत जाणाऱ्या रस्त्यावर. हिंजवडीचा संध्याकाळचा रस्ता, पश्चिम द्रुतगती महामार्गावरची अंधेरीची कोंडी, नाशिकचा द्वारका चौक. अशा ठिकाणी साधं पेट्रोल इंजिन जागेवर उभं राहून इंधन जाळतं. हायब्रिडचं इंजिन बंद असतं, एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि गाडी इंच इंच पुढे सरकते तीही विजेवर. समृद्धी महामार्गावर मात्र चित्र बदलतं. तिथे ताशी १०० ते १२०चा वेग धरला की इंजिन जवळजवळ सतत चालतं, ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे परत मिळवण्यासारखी ऊर्जाच फारशी नसते. तिथेही ॲटकिन्सन इंजिनाची काटकसर उरते, पण साध्या पेट्रोल गाडीशी असलेलं अंतर कमी होतं. डिझेल गाड्यांचं अगदी उलट असतं. त्या महामार्गावर चमकतात आणि शहरात सुस्तावतात. म्हणजे मुंबईत राहून क्वचित गावी जाणाऱ्या घराचा निर्णय आणि सोलापुरात राहून दर आठवड्याला पुण्याला जाणाऱ्या घराचा निर्णय एकच असायचं कारण नाही.

पैशांत मांडू. बाजारात आली तेव्हा पेट्रोल हायक्रॉसचा जीएक्स प्रकार १९.१५ लाखांना होता आणि हायब्रिड सुरू होत होती २४.०१ लाखांच्या व्हीएक्सपासून. फरक पावणेपाच लाखांहून थोडा जास्त. आता धरून चालू की मिश्र वापरात हायब्रिड १७चं ॲव्हरेज देते, पेट्रोल ११चं, आणि पेट्रोल लिटरला १०४ रुपये आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणाऱ्या घराची बचत होते साधारण ४० हजार रुपये. या गतीने फरक भरून निघायला बारा वर्षं लागतील. वर्षाला ३०,००० किलोमीटर चालवणाऱ्याची बचत होते लाखभर रुपये, आणि पाच वर्षांत हिशेब जुळतो. रोड टॅक्स आणि विमा गाडीच्या किमतीवर असतात, त्यामुळे दोन्ही मुदती थोड्या लांबतात. अर्थात महाग प्रकारात काही सोयीही जास्त असतात, तेव्हा सगळा फरक हायब्रिडच्या माथी मारणं रास्त नाही. तरी आठवड्यातून एकदा मंडईला आणि वर्षातून दोनदा गावी, एवढंच ज्यांचं फिरणं, त्यांनी केवळ पेट्रोल वाचवण्यासाठी हायब्रिड घेऊ नये. त्यांनी ती घ्यावी ती तिच्या शांत, धक्क्याविना चालण्यासाठी. आणि तसं स्वतःशी मान्य करून घ्यावी.

करांचा भाग इथे महत्त्वाचा आहे, कारण अलीकडे तो बराच बदलला. २२ सप्टेंबर २०२५पूर्वी मोठ्या हायब्रिड गाड्यांवर जीएसटी आणि उपकर मिळून ४३ टक्के लागत, तर मोठ्या पेट्रोल-डिझेल एसयूव्हींवर ५०. त्या तारखेपासून उपकर गेला आणि दोन्हींवर सरसकट ४० टक्के आला. गाडी स्वस्त झाली हे खरं. पण हायब्रिडला पूर्वी मिळणारी सात टक्क्यांची सवलत त्यात पुसली गेली. डिझेल एसयूव्हीवरचा कर दहा टक्क्यांनी खाली आला आणि हायब्रिडवरचा तीनच टक्क्यांनी. इलेक्ट्रिक गाड्यांवरचा कर पाच टक्केच राहिला. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स भरावा लागतो आणि हायब्रिडलाही तोच दर आहे. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता; आपल्याकडे तसं झालं नाही. सुमारे एक तृतीयांश इंधन वाचवणाऱ्या तंत्रावर आणि तेच इंधन मनमुराद जाळणाऱ्या गाडीवर सारखाच कर असावा, हे धोरण पटण्यासारखं नाही. शहरांच्या हवेसाठी तरी यात फरक हवा.

आता तिसरी रांग. शोरूममध्ये घरातला कर्ता पुरुष चालकाच्या जागी बसतो, स्टेअरिंग फिरवून पाहतो, मोठा स्क्रीन पाहतो, आणि गाडी ठरते. तिसऱ्या रांगेत कुणी बसून पाहतच नाही. खरं तर घरातल्या सगळ्यात उंच माणसाने तिथे दहा मिनिटं बसावं, पुढच्या रांगेतल्या माणसाने आपली सीट आपल्या सोयीने मागे घेतल्यावर. मांड्यांना आधार मिळतो का? गुडघे छातीकडे येतात का? छतावरच्या एसीच्या झोताची हवा तोंडावर येते का? आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या रांगेतल्या माणसाला न उठवता तिथून बाहेर पडता येतं का? हायक्रॉसची लांबी ४,७५५ मिलिमीटर आणि दोन चाकांतलं अंतर २,८५० मिलिमीटर असल्यामुळे या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांपेक्षा तिथे माणूस खरोखर बसू शकतो. पण म्हातारी माणसं तिथे नकोतच. दुसऱ्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असलेला सात आसनी प्रकार घेतला, तर मधल्या वाटेने मुलं मागे जातात आणि आजी-आजोबा आरामात बसतात. सलग बाक असलेल्या आठ आसनी प्रकारात एक जागा जास्त मिळते, पण मागे जायला प्रत्येक वेळी सीट दुमडावी लागते. ज्यांच्याकडे लहान मूल आहे, त्यांनी बाळाची सीट बसवण्यासाठी आयसोफिक्सचे हूक दुसऱ्या रांगेत नेमके कुठे आहेत, ते आधी पाहावं. त्या सीटमुळे तिसऱ्या रांगेची वाट बंद होते का, हेही.

सुरक्षेची चौकशी तिसऱ्या रांगेपर्यंत जायला हवी. २०२५मध्ये भारत एनकॅपच्या अपघात-चाचणीत हायक्रॉसला पाच तारे मिळाले, ही आश्वासक गोष्ट आहे. तरी विक्रेत्याला विचारावं: पडद्यासारख्या एअरबॅग शेवटच्या रांगेतल्या डोक्यांपर्यंत पोहोचतात का? तिथल्या प्रत्येकाला खांद्यावरून येणारा पट्टा आणि डोक्याला टेकू आहे का? आणि गाडी घेतल्यावर तो पट्टा रोज लावला जातो का? मागे बसलेल्या मुलांच्या पट्ट्याबाबत आपण फार बेफिकीर आहोत.

तिसऱ्या रांगेचा दुसरा प्रश्न सामानाचा. तिन्ही रांगा उभ्या असताना हायक्रॉसच्या डिकीत ३०० लिटर जागा उरते, म्हणजे एखाद्या हॅचबॅकच्या डिकीएवढी. सात माणसं गणपतीला रत्नागिरीकडे निघाली, की कपड्यांच्या बॅगा, मोदकपात्र, आरतीचं सामान, आणि येताना तांदळाचं पोतं, फणस, कोकमाच्या बाटल्या एवढं सगळं त्या जागेत बसत नाही. मग छतावर कॅरियर येतो. त्याने हवेचा रोध वाढतो आणि महामार्गावरचं ॲव्हरेज घसरतं. वरच्या प्रकारांत छताला मोठी काच असल्याने कॅरियर लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारणंच बरं. सहा माणसं आणि पूर्ण सामान, किंवा सात माणसं आणि बेताचं सामान, हे वास्तव आधीच मान्य केलेलं बरं.

अमेरिकेतल्या मराठी घरांपुढेही हाच पेच असतो, पण तिथे पर्याय भरपूर आहेत. टोयोटाची सिएना ही मिनीव्हॅन २०२१च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिड रूपातच मिळते, आणि हायलँडर, ग्रँड हायलँडर, किया सोरेंटो यांच्याही हायब्रिड आवृत्त्या आहेत. भारतातून तीन-चार महिन्यांसाठी आई-वडील येतात तेव्हा तिसरी रांग लागते, एरवी ती दुमडून सामानासाठी वापरली जाते. तिथेही शेवटी सरकत्या दाराच्या मिनीव्हॅनमध्ये चढणं-उतरणं सोपं की उंच एसयूव्हीत, यावर पुष्कळ काही ठरतं.

घाटांचा विचार केल्याशिवाय महाराष्ट्रात गाडी घेता येत नाही. चढणीवर ई-सीव्हीटीचं वागणं नवख्याला खटकतं. पेडल दाबलं की इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि एकाच सुरात राहतो. गाडीचा वेग मात्र सावकाश वाढतो. त्यात बिघाड काही नाही. इंजिन त्याच्या सर्वांत कार्यक्षम फेऱ्यांवर धरून ठेवलेलं असतं. ताकद कमी नाही. शून्यापासून ताशी शंभरचा वेग कंपनीच्या दाव्यानुसार साडेनऊ सेकंदांत येतो.

उतारावरची गोष्ट त्याहून महत्त्वाची. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण पाचशे मीटर खाली येते. सात माणसांसह गाडीचं वजन दोन टनांच्या वर जातं. एवढं वजन एवढ्या उंचीवरून उतरताना जी ऊर्जा सुटते, ती पावणेतीन-तीन युनिटांच्या घरात असते. काही हवेच्या आणि चाकांच्या रोधात खर्च होते, पण उरलेलीही बॅटरीत शिल्लक असलेल्या जागेपेक्षा जास्तच भरते. म्हणजे निम्म्या घाटातच बॅटरी भरते. त्यानंतर गाडी जास्तीच्या विजेने इंजिन नुसतं फिरवते, इंधन न जाळता, आणि ते इंजिन ब्रेकचं काम करतं. उतारावर अचानक इंजिनाची घरघर ऐकून घाबरायचं कारण नाही. गाडी तेव्हा ब्रेक पॅड गरम होण्यापासून वाचवत असते. न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरण्याची वाईट सवय मात्र इथे दुप्पट धोक्याची, कारण न्यूट्रलमध्ये मोटरचा रोध आणि वीज परत मिळणं दोन्ही थांबतं.

एक उणीव स्पष्ट सांगायला हवी. क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते आणि तिचा सांगाडा ट्रकसारखा जाड चौकटीचा आहे. हायक्रॉस पुढच्या चाकांवर चालते आणि तिची रचना एकसंध मोनोकॉक आहे. डांबरी रस्त्यावर हायक्रॉस जास्त स्थिर, जास्त आरामदायी. पण पावसात लाल मातीच्या चढावर, मागे तीन माणसं आणि सामान असताना, वजन मागे झुकतं आणि पुढची चाकं घसरू शकतात. ज्यांचं घर सिंधुदुर्गात कच्च्या चढणीच्या टोकाला आहे, त्यांनी या गोष्टीला तिच्या वजनाएवढं महत्त्व द्यावं.

गाडी घरी आली की आधी पार्किंग. मुंबईच्या विकास नियमावलीत लहान गाडीसाठी ४.५ मीटर लांबीची जागा धरली जाते. पावणेपाच मीटरची गाडी तिच्या बाहेर येणारच. जुन्या इमारतींतल्या स्टॅक पार्किंगला उंचीची आणि वजनाची मर्यादा असते. गाडीची नोंदणी करण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन ही मर्यादा लेखी विचारावी. नंतरचे वाद फार कडवट होतात.

मग रोजची देखभाल. हायब्रिडचं इंजिन हे पेट्रोल इंजिनच आहे. त्याला ऑइल, फिल्टर, कूलंट सगळं वेळेवर लागतं. ब्रेक पॅड मात्र साध्या गाडीपेक्षा बरेच जास्त टिकतात, कारण वेग कमी करण्याचं पुष्कळसं काम मोटरच करते. कोकणात आणि मुंबईत वेगळाच त्रास दिसतो. ब्रेक कमी वापरले गेल्याने डिस्कवर गंज चढतो, म्हणून सर्व्हिसिंगमध्ये ते साफ करून घ्यावेत. मोठ्या बॅटरीला थंड ठेवण्यासाठी केबिनमधली हवा ओढली जाते. ती हवा आत घेणाऱ्या जाळीपुढे पिशव्या, चादरी रचू नयेत, आणि तिथला फिल्टर वेळोवेळी साफ व्हावा. घरात कुत्रा असेल, तर जास्तच.

गाडी सुरू न होण्याची घटना घडते ती बहुधा मोठ्या बॅटरीमुळे नव्हे, तर छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीमुळे. सगळे संगणक तिच्यावर जागे होतात. ती उतरली की डॅशबोर्डवर ‘रेडी’चा दिवा लागत नाही आणि गाडी हलत नाही. दोन-तीन आठवडे गाडी उभी राहणार असेल, तर कुणाला तरी अधूनमधून ती रेडी करून अर्धा तास ठेवायला सांगावं. दिवा लागल्यावरही इंजिन शांत असतं, हे घरातल्या सगळ्यांना समजावून सांगायलाच हवं. आवाज नाही म्हणून गाडी बंद आहे असं समजून दार उघडून उतरणं किंवा मुलाने पेडलवर पाय ठेवणं, यात गंभीर अपघाताचा धोका आहे. अंगणात मागे घेतानाही गाडी फार हळू आवाज करते. लहान मुलं आणि कानाने अधू वडीलधारी माणसं आसपास नाहीत, हे डोळ्यांनीच पाहावं.

बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड वायर दिसतात. तो उच्च दाबाच्या विजेचा रंग आहे. कोपऱ्यावरचा मेकॅनिक कितीही विश्वासाचा असला, तरी त्या वायरना हात लावायचा अधिकार फक्त प्रशिक्षित माणसाचा. उंदरांचा त्रास असलेल्या भागात जाळी आणि फवारणी हा खर्च धरूनच चालावं. आणि पूर. चिपळूणने जुलै २०२१मध्ये, कोल्हापूर-सांगलीने २०१९ आणि २०२१मध्ये जे पाहिलं, त्यानंतर हे सांगायलाच हवं की पाण्यात बुडालेली हायब्रिड गाडी सुरू करून पाहू नये. ती ओढून न्यावी, आणि विम्यात इंजिन व हायब्रिड यंत्रणेच्या नुकसानीचं संरक्षण आधीच घ्यावं. साधी झिरो डेप पॉलिसी या बाबतीत पुरेशी आहे असं मानू नये. कलमं वाचावीत.

डिझेलशी तुलना अपरिहार्य आहे. वर्षाला चाळीस-पन्नास हजार किलोमीटर, तेही मुख्यतः महामार्गावर चालवणाऱ्याला डिझेल क्रिस्टा किंवा सफारी अजूनही परवडते. पण शहरातल्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी आधुनिक डिझेल घेणं चूक आहे. त्याच्या धुरांड्यातला काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करण्यासाठी लांब, गरम धाव मागतो. ती मिळाली नाही तर तो चोंदतो. इलेक्ट्रिकमध्येही आता तीन रांगा आल्या आहेत, जसं किया कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही. घरात चार्जर बसवता येत असेल आणि बहुतेक फिरणं शहरातलंच असेल, तर पाच टक्के कर आणि विजेचा स्वस्त खर्च यांमुळे हिशेबात ती हायब्रिडला मागे टाकते. सोसायटीत चार्जरला परवानगी मिळत नसेल, गावाला जाताना रात्री चार्जरच्या रांगेत सात माणसं थांबवायची नसतील, तर हायब्रिडचं पारडं जड होतं.

जुन्या गाडीच्या बाजारात आता पहिल्या खेपेच्या हायक्रॉस आणि इन्व्हिक्टो येऊ लागल्या आहेत. टोयोटाने गाडीवर ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, आणि हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतलं जे आधी होईल तितकी हमी दिली. म्हणजे २०२३ची, जेमतेम चाललेली गाडी बॅटरीच्या हमीत २०३१पर्यंत राहते. टॅक्सीसारखी धावलेली मात्र लवकरच तिच्या बाहेर जाते. विकत घेण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीच्या प्रत्येक गटाचा अहवाल काढून घ्यावा, सगळं सर्व्हिसिंग तिथेच झालं आहे का ते नोंदींत पाहावं, आणि उरलेली हमी नव्या मालकाच्या नावावर होते की नाही, हे कागदावर लिहून घ्यावं. पूरग्रस्त भागातली गाडी असेल, तर तिसऱ्या रांगेखालचा गालिचा उचलून पाहावा. चिखलाची रेघ आणि गंजलेले सीटचे रूळ तिथे सर्वांत उशिरापर्यंत राहतात.